जळगाव ते लळिंग : फितीतला आवाज, आकड्यांतला आवाज

जळगावहून धुळ्याकडे निघाले की पाळधी, एरंडोल, पारोळा मागे टाकत सुमारे नव्वद किलोमीटरची वाट संपते. पुढे मुंबई-आग्रा महामार्गाने नाशिकच्या दिशेला दहाएक किलोमीटर गेले की लळिंगचा किल्ला दिसतो. त्याच्या कुशीतला लांडोर बंगला समाजबांधवांना नव्याने सांगायला नको. न्यायालयीन कामासाठी धुळ्याला आलेले परमपूज्य बाबासाहेब 31 जुलै 1937 रोजी येथे मुक्कामाला होते. त्या स्मृतीसाठी दरवर्षी 31 जुलैला येथे यात्रा भरते आणि पावसाने हिरवागार झालेला डोंगर भीमगीतांनी दुमदुमतो.

हा सारा मुलूखच भीमगीतांवर वाढला. लोककवी वामनदादा कर्डक आणि गायक प्रल्हाद शिंदे हे दोघेही 2004 मध्ये आपल्यातून गेले. पण भुसावळच्या रेल्वे क्वार्टरांत, धुळे-अमळनेरच्या गिरणी कामगारांच्या वस्त्यांत भीमगीते घरोघर नेली ती कॅसेटने. विकतच्या कॅसेटशेजारी घरची कॅसेटही असे. जयंतीच्या रात्री स्टेजजवळ टेपरेकॉर्डर ठेवून भरलेली. गावच्या गायन पार्टीचा, विहारातल्या धम्मदेसनेचा, एखाद्या आजीचा आवाज कित्येकदा तेवढ्या एकाच फितीवर उरला आहे.

आता यात्रेत पेनड्राइव्हवर गाणी वाजतात. "कॅसेट गेली, डिजिटल आले," असे आपण सहज म्हणतो. पण या दोहोंमधली रेषा वाटते तितकी सरळ नाही.

माईकपुढे गायले की हवेतली लाट विजेची लाट होते. कॅसेटची फीत सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर सरकते आणि तिच्यावरच्या चुंबकीय कणांत त्या लाटेचे चढउतार सलग उमटतात. हे झाले अॅनालॉग. डिजिटलमध्ये त्याच लाटेची उंची पुन्हा पुन्हा मोजून आकडे लिहितात. सीडीसाठी सेकंदाला 44,100 वेळा. आणि हा आकडा आला कुठून? फितीवरूनच! सुरुवातीला डिजिटल आवाज साठवायला व्हिडिओ टेप वापरत. टीव्हीच्या चित्रातील रेषांमध्ये बसतील अशा आकड्यांच्या हिशेबातून 44,100 ठरले. 1987 मध्ये आलेली डॅट कॅसेट हीसुद्धा फीतच, पण आतून डिजिटल. उलट 1982 मध्ये सीडी बाजारात आली तेव्हा तिच्यावरची कित्येक गाणी मुळात अॅनालॉग टेपवर भरलेली होती. बाबासाहेबांची बीबीसीने 1955 मध्ये घेतलेली मुलाखत आज आपण मोबाईलवर ऐकतो. तो आवाज तेव्हा लाट म्हणून साठवला गेला, आपल्यापर्यंत आकडे होऊन आला आणि स्पीकरमधून पुन्हा लाट होऊनच कानी पडतो.

म्हणजे फीत जुनी आणि चिप नवी, एवढ्याने निकाल लागत नाही. कॅसेटवरून मोबाईलमध्ये घेतलेल्या गाण्यात फितीची खरखरही आकडे होऊन बसते. हेड मळलेले असेल तर तो मळकट आवाजच कायमचा होतो. म्हणून कॉपी झाली की कॅसेट फेकून देऊ नये. उद्या चांगल्या यंत्रावर तीच फीत अधिक स्पष्ट बोलेल.

जळगाव-भुसावळचा उन्हाळा 45 अंशांच्या पुढे जातो. पत्र्याच्या घरात, माळ्यावर ठेवलेली कॅसेट वाकते, फीत चिकटते. तेव्हा ती आधी सावलीत, कोरड्या जागी आणावी. वाजवण्यापूर्वी टेपचे हेड स्पिरिटच्या बोळ्याने पुसावे. फीत एकदा पुढे-मागे गुंडाळून घ्यावी. कॉम्प्युटरवर घेताना आवाजाचा काटा लाल रेघेच्या आत ठेवावा. आवाज थोडा वाढला तर फीत सांभाळून घेते; डिजिटलमध्ये मात्र मर्यादेपलीकडची लाट सपाट कापली जाते आणि आवाज फाटतो. मूळ प्रत एमपी-थ्रीत न करता वेव्ह फाईलमध्ये ठेवावी, कारण एमपी-थ्री जागा वाचवण्यासाठी आवाजाचा काही भाग गाळते. साठ मिनिटांच्या कॅसेटला सीडीच्या दर्जाने सुमारे 635 एमबी जागा लागते. साध्या पेनड्राइव्हमध्येही अशा कितीतरी कॅसेटी मावतात. पेनड्राइव्हही बिघडतो, म्हणून दोन प्रती दोन घरी असाव्यात. आणि फाईलला गायकाचे नाव, गाव, साल जरूर द्यावे. नाव नसलेला आवाज पुढच्या पिढीला परका होतो.

धुळ्यातच राजवाडे संशोधन मंडळ 1927 पासून जुने कागद जपत आले आहे. ज्यांना शतकानुशतके लेखणी नाकारली, त्यांचा इतिहास मात्र कागदापेक्षा गळ्यातच जास्त राहिला. तो गळा आपणच जपायचा आहे. येत्या 31 जुलैला लळिंगला जाण्याआधी प्रत्येक विहाराने वस्तीतल्या जुन्या कॅसेटींची एक यादी करावी. ज्यांनी त्या भरल्या, त्यांना शेजारी बसवून गाणाऱ्यांची नावे विचारून घ्यावीत. सांगणारी माणसे आहेत तोवर हे काम झाले पाहिजे.

जय भीम!