पोरिमाचे दोन थेंब

काल रात्री सांगलीत गच्चीवर 6 इंची दुर्बीण लावली. साताऱ्याला असलो की यवतेश्वरच्या डोंगरावर जातो. तिथे अंधार दाट, पण वारा नळी हलवतो. जोडताऱ्यांना अंधारापेक्षा स्थिर हवा लागते, आणि ती मला कृष्णाकाठीच जास्त वेळा लाभली.

कन्या राशीतला पोरिमा. त्याचे दोन तारे एकमेकांभोवती सुमारे 169 वर्षांत फेरी घालतात. 2005 मध्ये अंतर जेमतेम 0.4 विकला होतं. माझ्या दुर्बिणीची मर्यादा पाऊण विकला. तेव्हा एकच ठिपका दिसला असता. आता अंतर तीन विकलांहून जास्त आहे. व्हिडिओच्या पाच हजार फ्रेम्समधून हवा क्षणभर थांबली होती अशा दोनशे निवडल्या, एकावर एक रचल्या. पडद्यावर दोन पांढरे थेंब अलग झाले, आणि कितीतरी वेळ मी जागचा हललो नाही.

कॅप्टन विल्यम जेकब आठवला. 1845 ते 1848 या काळात त्याने पुण्यातून 244 जोडतारे न्याहाळले, तेही कॅमेऱ्याविना. आपल्याकडच्या आकाशप्रेमींना हे नाव माहीत असायलाच हवं.

तुमच्याकडे दुर्बीण असेल, तर या उन्हाळ्यात पोरिमाचा एक फोटो काढा आणि त्यावर तारीख नक्की घाला.