पाव किलोचं काय झालं?

कॉफीच्या पाकिटाच्या पुढच्या बाजूला डोंगर असतो, धुकं असतं, एखादा धनेश पक्षी असतो. आतल्या बियांमध्ये संत्र्याची साल, गूळ, चॉकलेट अशा चवी सापडतील असं आश्वासनही असतं. मागच्या बाजूला, बारकोडच्या शेजारी, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत दोन गोष्टी छापलेल्या असतात. एक निव्वळ वजन, दुसरी दर ग्रॅमची किंमत. गेल्या जूनपासून आमच्या खोलीत ही मागची बाजू आधी वाचली जाते.

खोली टिळकवाडीतली, भाड्याची. मी खानापूर तालुक्यातला, दुसरा निपाणीचा आणि तिसरा थेट सकलेशपूरचा, म्हणजे कॉफीच्या मळ्यातला. माझ्या घरी कॉफी म्हणजे एकादशीचं पेय, नाहीतर चहा न घेणारा पाहुणा आला तर. दुधात उकळलेली, साखर सढळ, वरून जायफळ. बी कशी दिसते हे घरात कुणी पाहिलं नव्हतं. २०२२ च्या जूनमध्ये आम्ही बी.कॉम.ला आलो आणि पहिल्याच पावसाळ्यात सकलेशपूरकरानं ट्रंकेतून हातानं फिरवायची चक्की, स्टीलचा फिल्टर आणि सोनाराकडे असतो तसला छोटा वजनकाटा बाहेर काढला. बिनदुधाची, बिनसाखरेची कॉफी आमच्या हातात दिली. निपाणीकर एक घोट घेऊन म्हणाला, "ह्यो तर काढा हाय की रं!" दोन महिन्यांनी तोच शनिवारी सगळ्यांच्या आधी उठून पाणी तापवायला ठेवू लागला.

ही स्पेशालिटी कॉफी. चव घेणारी तरबेज माणसं तिला १०० पैकी गुण देतात आणि ८० च्या वर गेली तरच तिला हे नाव मिळतं. पिकलेलं लालबुंद फळच तोडायचं, वाळवताना डोळ्यात तेल घालून बसायचं, तडकलेल्या-किडक्या बिया निवडून काढायच्या, एवढे कष्ट त्यामागे असतात. त्यामुळे ती महाग असणार हे आम्हांला मान्यच होतं. रोज परवडणार नाही म्हणून शनिवार आणि रविवार ठरले. माणशी १५ ग्रॅम, काट्यावर मोजून. २५० ग्रॅमचं पाकीट ४२० रुपयांना. त्यात १६ कप निघायचे; तिघांच्या पाच सकाळी आणि एक कप वर. तो वरचा कप कुणाचा यावर जेवढी भांडणं झाली तेवढी खोलीच्या भाड्यावरूनही झाली नाहीत. एक कप पंचवीस रुपयांच्या आसपास पडायचा.

२०२४ मध्ये पाकीट ४८० चं झालं. कुरकुर केली आणि घेतलं. गेल्या जूनमध्ये, एम.कॉम.ला प्रवेश घेतल्यावर, पुन्हा तेच पाकीट मागवलं. ५२० रुपये. धनेश तोच, उंची तीच, रंग तोच. पण पाचव्या सकाळी चक्कीत टाकायला एका कपापुरत्याच बिया निघाल्या. काटा होता म्हणून हिशेब लगेच लागला. पाकीट २०० ग्रॅमचं झालं होतं.

कॉमर्सची मुलं आम्ही, कागद घेऊन बसलो. छापील किंमत ४२० वरून ५२० झाली, म्हणजे वाढ जवळजवळ २४ टक्के. पण ग्रॅमचा भाव १ रुपया ६८ पैशांवरून २ रुपये ६० पैसे झाला होता, म्हणजे जवळजवळ ५५ टक्के. डोळ्याला चोवीस दिसतात आणि खिशातून पंचावन्न जातात. २५० ग्रॅमच ठेवले असते तर पाकिटावर ६५० लिहावं लागलं असतं. ६५० लिहायला विकणाऱ्याला अवघड वाटलं असावं. ५० ग्रॅम काढून घ्यायला वाटलं नाही. माझा राग इथे आहे. भाव वाढव बाबा, पण तोंडावर सांगून वाढव. आमचा भाजीवाला "आज टोमॅटो चढलाय" म्हणून आधीच सांगतो आणि मग आपण पाव किलो घ्यायचा की अर्धा ते आपलं आपण ठरवतो.

"पाव किलो" म्हटल्यावर आज्जी आठवते. तिच्या तोंडी अजून पावशेर, अदपाव, छटाक आहेत. खानापूरच्या बाजारात ती दुकानदाराच्या तोंडाकडे कधी बघायची नाही, नजर काट्यावर. तराजूवरच्या अविश्वासातून आपल्या भाषेत केवढे शब्द आलेत बघा. आपण कॉलेजला दांडी मारतो, पण दांडी मुळात तराजूची. ती बोटानं हळूच दाबून वजन मारायचं. "हा त्याच्या पासंगालाही पुरणार नाही" म्हणतो, तो पासंग म्हणजे दोन पारडी सारखी नसतील तेव्हा हलक्या पारड्याला बांधायचं वजन. काटा मारणे, मापात पाप, हे तर आहेच. आणि उलट बाजूनं शीग: मापाच्या काठावर उभी राहिलेली धान्याची रास. काही माणसं शीग लावून द्यायची, काही हात आडवा फिरवून काठाशी सपाट करायची, आणि गावाला कोण कसा ते ठाऊक असायचं.

८० तोळ्यांचा पक्का शेर म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम, त्याचा पाव म्हणजे २३३. १९५६ च्या कायद्यानं किलो-ग्रॅम आले आणि हळूहळू पावशेराची जागा पाव किलोनं घेतली. नाव जवळजवळ तेच राहिलं आणि वजन १७ ग्रॅमनी वाढलं. आमच्या मापानं एक कप कॉफी! (भावही त्या हिशेबानं बदलला असणार, फुकट कोण देतंय. पण वाचून बरं वाटतं.) आता उलटं चाललंय. पाव किलोला नाव आहे, म्हणून त्यात कमी पडलं तर जिभेला कळतं. दोनशे ग्रॅमला नाव नाही, एकशेऐंशीला तर नाहीच. "एक पाकीट" म्हणायचं आणि घ्यायचं. पाकीट हे काही वजन नव्हे.

कायदाही याच काळात बदललाय. पाकीटबंद मालाच्या २०११ च्या नियमांना एक यादी जोडलेली होती. चहा, कॉफी, बिस्किटं अशा वस्तू ठरावीक वजनांतच विकायच्या, असं तीत होतं. २०२१ मध्ये ती यादी काढून टाकण्याचं ठरलं. आता वजन विकणाऱ्याच्या मर्जीचं. त्या बदल्यात एकेका ग्रॅमची किंमत छापायची. एक किलोपेक्षा कमी वजन असेल तर ग्रॅमवर, जास्त असेल तर किलोवर. तत्त्व म्हणून मला हे पटतं. कितीही वेडंवाकडं वजन करा, ग्रॅमचा भाव लपत नाही. फक्त तो वाचता येईल एवढा तरी छापा. आमच्या आज्जीला भिंग दिलं तरी ती ओळ दिसायची नाही. इंग्रजीत या सगळ्या प्रकाराला श्रिंकफ्लेशन म्हणतात. अमेरिकेतही हे जुनंच आहे. तिथला कॉफीचा डबा एके काळी एक पौंडाचा, म्हणजे १६ औंसांचा असायचा. तो १३ औंसांवर आला, मग त्याच्याही खाली. लोक मात्र बराच काळ त्याला पौंडाचा डबाच म्हणत राहिले.

सकलेशपूरकर हे सगळं ऐकून घेत होता. मग त्याच्या कन्नड वळणाच्या मराठीत म्हणाला, "तुमचं पाकीट लहान झालं, त्याच वर्षी आमच्या घरावर नवी कौलं आली." यावर आम्ही दोघं गप्प.

त्याचं म्हणणं खोटं नाही. जगात सगळ्यात जास्त कॉफी ब्राझीलमध्ये पिकते. जुलै २०२१ मध्ये तिथे हिमकडा पडून झाडं करपली, पुढे २०२४ मध्ये दुष्काळ. रोबस्टा पिकवण्यात पहिल्या नंबरचा देश व्हिएतनाम, त्यालाही त्याच वर्षी पाणी कमी पडलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या वायदेबाजारात अरेबिका पौंडाला ४ डॉलरच्या वर गेली. १९७७ चा उच्चांक त्याआधीच मोडला होता, आणि तोही ब्राझीलमधल्या १९७५ च्या हिमानंतरचाच. तिकडे झाड करपलं की इकडे हासन जिल्ह्यात भाव चढतो. पार्चमेंट, म्हणजे टरफलासकट वाळवलेली अरेबिका, ५० किलोच्या पोत्याला २० हजारांच्या बरीच वर गेली. मित्राचे वडील सांगतात, २००१-०२ च्या सुमारास तोडणीची मजुरीसुद्धा निघत नव्हती, तेव्हा त्यांनी मिरीच्या वेलांवर घर चालवलं. भारतात कॉफी पिकवणारे बहुतेक असेच लहान शेतकरी आहेत. फेब्रुवारी-मार्चमध्ये फुलोऱ्याचा पाऊस वेळेवर आला तर फूल, नाही आला तर पंपानं पाणी. अरेबिकाच्या खोडात किडा शिरला तर झाड उपटूनच टाकायचं. वीस-पंचवीस वर्षांनी एखादा चांगला भाव मिळाला तर त्यांनी कौलं घालू नयेत काय?

पण मग तोच कागद उलटा करून आम्ही दुसरा हिशेब मांडला. ५० किलो पार्चमेंट सोललं की साधारण ४० किलो बी उरते. भाजताना पाणी उडून जातं, म्हणून हातात येतात ३३-३४ किलो. पोत्याला २५ हजार धरले तरी २०० ग्रॅममध्ये शेतकऱ्याचे दीडशे रुपये. उत्तम मालाला मळेवाल्याला थोडे जास्त मिळतात, ते धरा. उरलेले साडेतीनशेच्या आसपास भाजणारा, झडपेची पिशवी, कुरिअर, कर, जाहिरात आणि तो धनेश. भाजणाऱ्याचं भाडं, वीज, पगार खरेच आहेत, मी नाकारत नाही. पण "बियांचे भाव वाढले, आम्ही काय करणार" हे कारण पन्नास ग्रॅमना पुरत नाही.

आता जे सांगायचंय ते यापेक्षा लहान आहे. आमच्या खोलीचा हिशेब भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर असतो. दूध कुणी आणलं, गॅसचे पैसे कुणी दिले, आणि शनिवार-रविवारच्या चौकोनात कॉफी पिणाऱ्यांची अक्षरं. कप पंचवीसवरून एकोणचाळीस रुपयांवर गेला. महिन्याचे आठ कप, दोनशेचे तीनशे बारा. जुलैच्या दुसऱ्या शनिवारपासून निपाणीकराचं अक्षर दिसेनासं झालं. विचारलं तर म्हणाला, "ॲसिडिटी व्हायलीय रं." मेसमध्ये दोन मिरच्या कच्च्या खाणारा हा गडी. त्याचे वडील टेम्पो चालवतात, महिन्याला ठरलेली रक्कम पाठवतात, त्यात एक रुपया मागे-पुढे होत नाही. आम्ही म्हणालो, तू पी की, पैशाचं बघू नंतर. तर म्हणे, "नंतर म्हंजे कवा?" त्याला उत्तर नव्हतं. शनिवारी सकाळी आम्ही चक्की फिरवायला घेतली की तो पेपर आणायला बाहेर पडायचा आणि वास जाईपर्यंत यायचा नाही. दोघांत पाकीट सहा सकाळी पुरायला लागलं, हेही खरं. ऑगस्टमध्ये पावसानं पेपरवाला आला नाही, तरी हा छत्री घेऊन गेला.

खडे बाजारात सुटी पूड वजनावर मिळते, चिकोरी किती घालायची तेही आपण सांगायचं. ती आणून बघितली. दूध घालून झकास होते, स्वस्तही पडते. निपाणीकर ती प्यायला. पण चार वर्षांत त्याची जीभ बिघडली होती. "काढाच बरा व्हता," म्हणाला.

गेल्या नाताळच्या सुट्टीत सकलेशपूरकर तोडणीसाठी घरी गेला. परत येताना एक किलो कच्च्या, सोललेल्या बिया घेऊन आला. आदल्या हंगामातल्या, हिरवट, वाटाण्यासारख्या. फुकट घ्यायला निपाणीकर तयार नव्हता, म्हणून त्याच्या वडिलांना फोन लावून बाजारभाव विचारला. ते हसले आणि सहाशे म्हणाले. तिघांनी दोनशे-दोनशे काढले. लोखंडी कढई घरमालकीणकाकूंची. निपाणीकर उलथनं घेऊन बसला, कारण तंबाखूच्या गावचा माणूस, वाळवणं-भाजणं आपल्याला कळतं असं त्याचं म्हणणं. वीस मिनिटं तो ढवळत होता. बिया पिवळ्या झाल्या, मग तांबूस, मग लाह्यांसारख्या तडतडल्या. धुरानं खोली भरली. ताटात पसरून, कागदानं वारा घालून गार केल्या आणि काट्यावर थोड्या थोड्या करून मोजल्या. ८४० ग्रॅम.

"च्यायला," निपाणीकर म्हणाला, "हितंबी काटा मारला की!"

८४० भागिले १५, छप्पन्न कप. एक कप पावणेअकरा रुपयांना. तिघांच्या अठरा सकाळी आणि दोन कप वर. त्या दोन कपांवरून भांडायला तोंड उघडणार, तेवढ्यात दारात काकू उभ्या. धूर कसला म्हणून बघायला आल्या होत्या, कढई कुठाय म्हणूनही. आत येऊन ताटावर वाकल्या, वास घेतला, आणि आमच्या एकुलत्या एका खुर्चीत बसल्या.