तारकर्लीचा रिकामा दिवस

तारकर्ली हे सिंधुदुर्ग जिल्ह्यातले, मालवणच्या दक्षिणेला वसलेले समुद्रकाठचे गाव. पश्चिमेला अरबी समुद्र, पूर्वेला कर्ली नदी आणि मध्ये माड-सुरूंची पट्टी. ही पट्टी दक्षिणेकडे निमुळती होत देवबागला संपते आणि तिथे नदी समुद्राला मिळते. १९९७ साली सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला आणि १९९८च्या जानेवारीत कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. त्यानंतर पुण्या-मुंबईची, घाटावरची माणसे केवळ स्वस्थ बसण्यासाठी या वाळूत येऊ लागली. समुद्राकडे असे काहीही न करण्यासाठी येता येते, ही कल्पना किनाऱ्यावर जन्मलेल्यांच्या आयुष्यात मात्र फार उशिरा शिरते.

इथल्या मुलाला समुद्र प्रथम भेटतो तो कामाची जागा म्हणून. रापणीची होडी जाळे सोडत अर्धवर्तुळ मारून परत किनाऱ्याला लागते, जाळ्याच्या दोन्ही टोकांचे दोर वाळूत येतात आणि माणसांच्या दोन रांगा ते ओढू लागतात. जाळे जवळ येते तशा रांगाही एकमेकींकडे सरकतात. मुले दोराला हात लावतात आणि घरी जाताना त्यांच्या हातात चार पेडवे किंवा एखादा बांगडा असतो. उरलेल्या मासळीचे वाटे पडतात. जाळ्याचा, होडीचा, ओढणाऱ्यांचा असा प्रत्येकाचा हिस्सा ठरलेला. या वयात वाळू म्हणजे पायाला चटका देणारी, सुकत घातलेल्या मासळीच्या वासाची जमीन. तिच्यावर आडवे पडावे असे कुणाच्या मनात येत नाही. अलीकडे यांत्रिक मासेमारीमुळे काठाजवळ येणारी मासळी घटली आहे. रापणीला त्याचा मोठा फटका बसला, ही या किनाऱ्याची खरी हानी आहे.

तोच मुलगा नोकरीसाठी मुंबईला जातो आणि चाकरमानी होतो. मग गाव गणपतीत आणि मे महिन्यात भेटते. पण ती रजाही रिकामी नसते. कौले चाळायची असतात, देवळातले मान सांभाळायचे असतात, भावकीतली जमिनीची बोलणी असतात. समुद्र जेमतेम एखाद्या संध्याकाळच्या वाट्याला येतो. मुंबईत दादर, गिरगावच्या चौपाटीवर बसणारा हा माणूस स्वतःच्या गावच्या किनाऱ्यावर क्वचितच निवांत बसतो. बसायला तो शिकतो ते पाहुण्यांकडे पाहून, बहुधा नोकरी संपल्यावर. शिकल्यावर मात्र पाहुण्यापेक्षा तो ते अधिक चांगले करतो, कारण दिवस कोण चालवते हे त्याला लहानपणापासून ठाऊक असते.

दिवस चालवते भरती. एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत सुमारे १२ तास २५ मिनिटे जातात. त्यामुळे कालची भरती आज सुमारे ५० मिनिटे उशिरा येते. मुंबईच्या कोळ्यांचा जुना हिशेब सोपा आहे: तिथीला तिनाने गुणून चाराने भागावे, भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. पौर्णिमेनंतर मोजणी पुन्हा प्रतिपदेपासून. मालवणकडे भरती मुंबईच्या थोडी आधी येते. पौर्णिमा-अमावास्येला ती दुपारच्या आधी चढते आणि संध्याकाळी सुकती, म्हणजे ओहोटी, लागते. म्हणून सूर्यास्ताला लांबरुंद ओली वाळू हवी असेल त्याने या तिथ्यांना यावे. याच दिवसांत उधाण असते. अष्टमीच्या सुमाराला भांगाचे पाणी असते, चढउतार कमी. कॅलेंडरातले शनिवार-रविवार पाहून येणाऱ्याला जो किनारा मिळतो, तो नशिबाचा. तिथी पाहून येणाऱ्याला हवा तो मिळतो.

सकाळी सुकती असेल तर वाळूत उतरावे. ओल्या भागात बारीक गोळ्यांची नक्षी पसरलेली दिसते. चिमुकले खेकडे वाळूतले अन्नकण खाऊन उरलेल्या वाळूची गोळी बाजूला टाकतात, त्यांचे हे काम. पाणी चढले की नक्षी पुसली जाते आणि पुढच्या सुकतीला नवी उमटते. वरच्या कोरड्या वाळूत मर्यादवेल पसरलेली असते. जांभळ्या फुलांची ही वेल वाळू धरून ठेवते, म्हणून तिच्यावरून गाड्या नेणे हा किनाऱ्याचा अपराध मानला पाहिजे. पोहायचे ते सकाळीच, आणि स्थानिकांना विचारूनच. दोन फुटणाऱ्या लाटांच्या मध्ये जो शांत दिसणारा पट्टा असतो, तिथूनच बऱ्याचदा पाणी जोराने परत आत जाते. त्यात सापडलेल्याने काठाकडे झुंजू नये. काठाला समांतर पोहत त्या पट्ट्याच्या बाहेर पडावे आणि मग वळावे.

दुपारी जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि पाण्यावरून खारा वारा आत येऊ लागतो. जेवण याच वेळेचे. तिरफळ घातलेली बांगड्याची आमटी, भात, शेवटी सोलकढी. कोकमाचे आगळ आणि नारळाचे दूध यांनी पोट निवते, अंग जड होते आणि वाऱ्याच्या दिशेने टाकलेल्या खाटेवर वामकुक्षी आपोआप घडते. खरी विश्रांती ही इथेच मिळते. हल्ली पाहुणे ही वेळ पाण्यातल्या खेळांत किंवा सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होडीत घालवतात. १६६४ साली पायाभरणी झालेला, शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर उभारलेला तो किल्ला आणि त्यातल्या दूधबाव, साखरबाव, दहीबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी पाहिल्याच पाहिजेत. पण त्याला वेगळा दिवस द्यावा. एका दिवसात दोन्ही कोंबले की दोन्ही निसटतात.

या निवांतपणामागे कुणाचे तरी हात राबत असतात, हे जेवताना विसरू नये. गावातल्या कितीतरी घरांनी दोन खोल्या वाढवून निवास-न्याहारी सुरू केली. त्या घरांतली बाई पहाटे मासळी निवडते, घावणे घालते, वाटप वाटते, चादरी धुते आणि रात्री उशिरा भांडी आवरते. समुद्र तिच्या परसापासून हाकेच्या अंतरावर असतो, पण हंगामात तिला तो दिसायलाही फुरसत नसते. त्या घराच्या उत्पन्नात तिचे नाव जितके ठळक असेल, तितके हे पर्यटन गावाचे झाले असे म्हणता येईल. जिथे घराचा आणि बचतगटाचा कारभार तिच्या हाती आहे, तिथे फरक चटकन जाणवतो.

संध्याकाळी वारा मंदावतो. सूर्यास्तानंतर जमीन लवकर निवते, समुद्र उबदार राहतो आणि रात्री वारा उलटा, जमिनीकडून पाण्याकडे वाहू लागतो. हे मतलई वारे. शिडाच्या होड्या पहाटे याच वाऱ्यावर बाहेर पडत आणि दुपारी खाऱ्या वाऱ्यावर घरी येत.

जून-जुलैत यांत्रिक मासेमारी बंद असते, किल्ल्याच्या होड्याही थांबतात. पावसाळी लाटा काठाची वाळू आत ओढून नेतात आणि शांत ऋतूत थोडी थोडी परत आणून टाकतात. देवबागसारख्या अरुंद जागी सगळी परत येत नाही, म्हणून तिथे दगडी बंधारे घालावे लागले. घरातली बाई आणि रापणकर दोघांनाही याच महिन्यांत जरा उसंत मिळते. जाळी दुरुस्त होतात, खोल्यांना रंग लागतो. नारळी पौर्णिमेला मालवणच्या बंदरावर समुद्राला नारळ वाहिला जातो आणि पुढच्या हंगामाची तयारी सुरू होते.