तळ्यातली मरळ आणि रबरी मासा

गेल्या पावसात ओढ्याचं पाणी शेततळ्यात घुसलं, त्याबरोबर मरळ आली. आधी कळलंच नाही. रोहू-कटल्याची हजार बोटुकली सोडलेली. पेंड टाकली की वर येणारी गर्दी महिन्याभरात निम्म्यावर आली. जाळं ओढलं, पण मरळ चिखलात दबते, नाहीतर जाळ्यावरून उडी मारते.

मग पुतण्यानं रबरी मासा आणला. स्विमबेट म्हणतात त्याला. शेपटी वल्ह्यासारखी, ओढलं की वळवळते. पहिले दोन तीन काट्यांच्या उघड्या गळाचे घेतले, ते पाणगवतात अडकून तुटले. पैसे पाण्यात! आता एकच गळ, टोक रबरात दडवलेलं. माप बोटुकल्यांएवढं, तीन इंची. वजनानं हलका बघा, जड असला की गाळात रुततो. आणि रीळ हळू फिरवायचं, शेपटी हलेल इतकंच. मी घाई करायचो, ती मागं येऊन परत फिरायची.

मरळ हवा घ्यायला वर येते तेव्हा पाणी हलतं, बुडबुडे दिसतात. थेट त्यावर टाकला तर ती दचकते. पलीकडं टाकून तिच्या तोंडापुढून आणायचा. नदीत लाल पिल्लांचा घोळका राखणारी जोडी दिसली तर मी गळ गुंडाळून घरी येतो. तळ्यात मात्र दयामाया नाही.

तीन निघाल्या, मोठी पावणेदोन किलोची. पाणी आत येतं तिथं जाळीही बसवली, वरातीमागून घोडं. आज पेंडीवर गर्दी बरी होती, पण जांभळीखालच्या कोपऱ्यात बुडबुडे अजून येतायत.