खोडीच्या मुळाशीं

‘मुलगा द्वाड आहे’ हें वाक्य उच्चारावयास फार सोपें आहे. आणि एकदां तें उच्चारलें म्हणजे विचार करण्याचे श्रम वांचतात. परंतु द्वाडपणा हें खोडीचें कारण नव्हे. तें खोडीलाच दिलेलें दुसरें नांव होय. तापाला ताप म्हटल्यानें वैद्याचें काम संपत नाहीं. रोम शहरीं गरीब वस्तींतील मुलांसाठीं १९०७ सालीं बालगृह उघडणाऱ्या मारिया माँटेसोरी मूळच्या डॉक्टरच होत्या. शिकविण्याआधीं मुलाचें निरीक्षण करा, असा त्यांचा आग्रह असे. तीच दृष्टि गिजुभाई बधेका यांनीं भावनगरास १९२० पासून आणि ताराबाई मोडक यांनीं बोर्डीस १९४५ पासून आपल्या बालशिक्षणाच्या कार्यांत जोपासली. ह्या निरीक्षणाचें मोल आम्हांस एका मुलामुळें विशेष पटलें.

इयत्ता पांचवीचा वर्ग आमच्याकडे होता. त्यांतील एका मुलाची तक्रार आली नाहीं असा आठवडा जात नसे. शेजाऱ्याची वही ओढणें, बाक वाजविणें, उलट उत्तरें देणें हे त्याचे नित्याचे उद्योग. शिक्षाहि ठरलेली : वर्गाबाहेर उभें राहणें. अखेर ‘मुलाचा दाखला काढून न्यावा’ असें शाळेनें घरीं सुचविलें. त्याची आई डोळ्यांत पाणी आणून आम्हांस म्हणाली, "गुरुजी, घरीं हा धाकट्या बहिणीवर हातसुद्धां उगारीत नाहीं. मग शाळेंतच असें कां करतो?"

शिक्षा कोणती करावी, ह्यापेक्षां माउलीचा हा प्रश्न आम्हांस मोलाचा वाटला. २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्यानें प्राथमिक शिक्षण पुरें होईपर्यंत मुलास शाळेंतून काढण्यास, तसेंच शारीरिक शिक्षा व मानसिक छळ करण्यास बंदी केली आहे. पण कायदा हात आवरतो. डोळे उघडणें आपल्याच हातीं असतें.

आम्ही एक वही घातली व तींत तीन रकाने आंखले : आधीं काय घडलें, मुलानें काय केलें, मागाहून काय झालें. ‘उद्धट’, ‘हट्टी’ असे शब्द लिहावयाचे नाहींत. डोळ्यांनीं पाहिलें व कानांनीं ऐकलें तेवढेंच लिहावयाचें. पंधरा दिवसांनीं वही स्वतःच बोलूं लागली. गणिताच्या वा चित्रकलेच्या तासाला एकहि खोडी नव्हती. सगळ्या खोड्या मोठ्यानें वाचनाच्या तासाला, आणि त्याहि वाचनाची पाळी दोन बाकांवर येऊन ठेपली असतां! मागाहून काय होई? त्याला बाहेर पाठवीत आणि पाळी टळे. ज्याला आपण शिक्षा समजत होतों, ती त्याची सुटका होती. जोडाक्षरांशीं अडखळून चाळीस मुलांचें हंसूं झेलण्यापेक्षां ‘द्वाड’ म्हणवून घेणें त्याला पुष्कळ सुखाचें वाटत होतें.

मग उपाय अवघड राहिला नाहीं. उतारा आदल्या दिवशीं देऊं लागलों; तो प्रथम आमच्यापुढें एकट्यानें वाचावा, असें ठरलें. फार जड वाटल्यास त्यानें पेन्सिल उभी धरावी, म्हणजे पाळी पुढें जाईल. खोडी केली तरी बाहेर मात्र जावयाचें नाहीं. डोळे तपासले, ते निर्दोष निघाले. तज्ज्ञांनीं डिस्लेक्सियाचें निदान केलें. बुद्धि चांगली असूनहि अक्षर आणि ध्वनि यांची सांगड घालणें अशा मुलांस कठीण जातें. निराळ्या पद्धतीनें शिकविल्यास तीं वाचूं लागतात. तो मुलगा आजहि सावकाश वाचतो. पण त्याचा दाखला शाळेंतच राहिला.

अर्थात् सर्वांस एकच औषध लागू पडत नाहीं. बाक वाजविणारा दुसरा मुलगा कोणी आपल्याकडे पाहावें म्हणून वाजवीत असेल. तिसरा उपाशी आला असेल, चौथ्यास नीट ऐकूं येत नसेल. खोडी एकच, पण मुळें निराळीं. ज्याला लक्ष हवें आहे, त्याला रागावणें हेंहि बक्षीसच!

आमच्या वाचकांस व भगिनींस विनंती एवढीच, कीं शाळेची वेळ झाली म्हणजे ज्याचें पोट दुखतें, अशा चिरंजिवांवर रागावण्यापूर्वीं आठ दिवस तीन रकाने भरून पाहावे. कोणत्या वारीं दुखतें, त्या दिवशीं कोणता तास असतो, आणि घरीं राहिल्यावर काय मिळतें, एवढें लिहिलें तरी पुरे. जें मुलाला सांगतां येत नाहीं, तेंच तें वागून दाखवीत असतें. तें वाचण्याचें काम मोठ्यांचें आहे.