समुद्रकांठचे चार दिवस

रघुवंशाच्या तेराव्या सर्गांत श्रीराम पुष्पक विमानांतून सीतेला समुद्र दाखवितो. हा प्रसंग मीं शिक्षकी पेशाच्या तीस-पस्तीस वर्षांत शेंकडों विद्यार्थ्यांना मोठ्या आवडीनें समजावून सांगितला असेल. पण ज्या घरीं बसून मी त्या श्लोकांचे अर्थ लावीत असें, त्या घरच्या गृहिणीनें वयाच्या साठीपर्यंत समुद्र पाहिला नव्हता. आणि ही गोष्ट माझ्या कधीं ध्यानांतही आली नव्हती.

ती ध्यानांत आणून दिली चिरंजिवांनीं. दिवाळीला ते पुण्याहून छत्रपति संभाजीनगरास आले, ते आईबाबांना गोव्याच्या समुद्रकांठीं एखाद्या उत्तम रिसॉर्टमध्यें चार दिवस ठेवावयाचें, असा बेत ठरवूनच. एका रात्रीचें भाडें ऐकून मीं कपाळाला हात लावला. तेवढ्यांत आमचा महिन्याचा किराणा येऊन वर दुधाचें बिल भागलें असतें. साधी राहणी हा आमच्या घराचा बाणा. त्याचा मला थोडा अभिमानही होता. "विश्रांतीच घ्यावयाची तर ती घरींही मिळते," मी म्हणालों. त्यावर सूनबाई हळूच म्हणाल्या, "बाबा, तुम्हांला मिळते. आईंना कोठें मिळते?" याचें उत्तर मला सुचलें नाहीं, म्हणून मी निमूटपणें प्रवासाच्या तयारीला लागलों.

मास्तरकीची खोड जात नाहीं. तयारीसाठीं मीं वही घातली. जून ते सप्टेंबर पावसाळा, तेव्हां समुद्र खवळलेला. नाताळांत सर्वत्र दर चढलेले. म्हणून जानेवारीचा मध्य निवडला. सांगितलेला दर नुसत्या खोलीचा, कीं सकाळच्या फराळासह, कीं दोन्ही जेवणांसह, हें आधीं स्पष्ट विचारून घेतलें. शाकाहारी स्वयंपाकाची खात्री करून घेतली. भरती रोज सुमारें पन्नास मिनिटें उशिरा येते, त्या हिशेबानें चारही दिवसांच्या वेळा मांडून ठेवल्या. रात्रीच्या गाडीनें मुंबई आणि तेथून १९९८ सालीं पूर्ण झालेल्या कोकण रेल्वेनें थिवीं, असा मार्ग ठरविला. करबुड्याच्या साडेसहा किलोमीटर लांबीच्या बोगद्यांत गाडी शिरली, तेव्हां सौभाग्यवतीनें माझा हात धरला, तो उजेड दिसेपर्यंत सोडला नाहीं.

आमचा मुक्काम कांदोळीच्या बाजूस होता. माडांची बाग, निळ्या पाण्याचा पोहण्याचा तलाव, दारीं अदबीनें उभे असलेले नोकर, असा सारा थाट होता. न्हाणीघरांत माणूस आडवा होईल एवढें टब होतें. सौभाग्यवतीनें त्याकडे एकदां पाहिलें आणि एक बादली मागवून घेतली. "एवढ्या पाण्यांत आपले चार दिवस निघतात हो," ती म्हणाली.

त्या रात्रीं अडीचच्या सुमारास मला जाग आली. शेजारचा बिछाना रिकामा होता. ती बाहेर सज्जांत पदर खोचून उभी होती. "काय झालें?" मीं विचारलें.

"अहो, पाण्याचा आवाज आला. मला वाटलें, नळ आला." आणि स्वतःशींच हंसली.

वाचकांना याचा उलगडा करून सांगितला पाहिजे. १९७६ सालीं लोकार्पण झालेल्या जायकवाडी धरणाचा विस्तीर्ण नाथसागर आमच्या शहरापासून पन्नासएक किलोमीटरांवर आहे; परंतु आमच्या वसाहतींत कित्येक वर्षें नळ पांच-सहा दिवसांआड येई, आणि तोही बहुधा अपरात्रीं, घटकाभर. तेवढ्यांत टाकी, पिंप, हंडे, कळशा भरून घ्याव्या लागत. हें सारें ती करी. मी झोपलेला असें, कारण मला सकाळीं शाळा असे. मी निवृत्त झालों, शाळा सुटली. झोप मात्र तशीच राहिली.

त्या रात्रीं मला पुन्हा झोप लागली नाहीं. ज्या साध्या राहणीचा मला अभिमान होता, तिचें मोल कोण देत होतें, तें मला समुद्राच्या गाजेंत स्पष्ट ऐकूं आलें.

दुसऱ्या दिवशीं फराळ झाल्यावर ती सवयीनें ताटल्या गोळा करूं लागली. वाढप्यानें नम्रपणें त्या तिच्या हातांतून घेतल्या. मग ती माडाखालीं खुर्चीवर बसली. तिचे हात मांडीवर रिकामे पडलेले मीं प्रथमच पाहिले.

तिसऱ्या दिवशीं आम्ही अग्वादचा किल्ला पाहिला. १६१२ सालीं पोर्तुगीजांनीं तो पुरा केला. 'आग्वा' म्हणजे पाणी. लांबच्या सफरीवरील जहाजें येथें गोडें पाणी भरून घेत, म्हणून हें नांव पडलें. वर २३ लक्षांहून अधिक गॅलन पाणी मावेल असें टांकें आहे. याच किल्ल्याच्या पायथ्याशीं १९७० नंतरच्या दशकांत ताज हॉटेल उभें राहिलें, आणि पुढें या किनाऱ्यावर विलासी निवासांची रांगच लागली. ही सर्व माहिती मीं वर्गांत सांगावी तशी सांगितली. तिनें शांतपणें ऐकून घेतली आणि विचारलें, "आणि हें पाणी भरायला रात्रीं कोण उठत असे?" मीं इतिहासही शिकविला आहे, पण हा प्रश्न मला एकाही विद्यार्थ्यानें विचारला नव्हता.

विलासाची तरफदारी करावी असा माझा हेतु नाहीं. विश्रांति द्यावयास एवढें भाडें लागत नाहीं. ती घरच्या घरींही देतां येते. मला तें कळावयास मात्र तेवढी फी भरावी लागली, आणि तीही मुलानें भरली.

परत आल्यावर चौथ्या रात्रीं नळ आला. गजर मीं माझ्या उशाशीं लावून ठेवला होता. अंधारांत चांचपडत मीं पिंपाला नळी लावली. पिंप भरून वाहूं लागलें तरी मला कळलें नाहीं. त्या आवाजानें ती जागी झाली, पण उठली नाहीं. "आधीं पिण्याचा हंडा भरा," एवढें बोलून तिनें कूस बदलली.