खेळाडू कोसळतो तेव्हा प्रेक्षक काय करतो?

शार्दूल ठाकूर आमच्या पालघरचा. खांद्यावर किटबॅग घेऊन पहाटेच्या गाडीने मुंबईला सरावाला जाणारा हा मुलगा पुढे भारताकडून खेळला. बाहेरचे लोक त्याला 'पालघर एक्सप्रेस' म्हणतात आणि आम्हाला ते ऐकायला आवडतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये लखनौला इराणी चषकाचा सामना होता, मुंबई विरुद्ध शेष भारत. शार्दूलच्या अंगात १०२ च्या वर ताप होता. तरी तो फलंदाजीला उतरला आणि सरफराज खानबरोबर नवव्या विकेटसाठी ७३ धावा जोडल्या. मध्ये दोनदा खेळ थांबवून डॉक्टरांना आत यावं लागलं. बाद झाल्यावर त्याला थेट इस्पितळात नेलं. सरफराज २२२ धावांवर नाबाद राहिला आणि मुंबईने २७ वर्षांनी इराणी चषक जिंकला.

शार्दूल बरा झाला, अल्लाहचे आभार. पण त्या दिवशी आमच्याकडच्या मोबाईलवर काय फिरत होतं? 'वाघ आहे वाघ', 'याला म्हणतात जिगर', 'पालघरचं पाणी'. 'अरे, त्याला झोपवा कोणीतरी' असं म्हणणारा मला तरी एकही दिसला नाही. कौतुक खोटं होतं असं मला म्हणायचं नाही. त्यातून एक सवय मात्र दिसते. आपल्याला आजारी खेळाडू खेळताना बघायला आवडतो, आणि तो खरोखर खाली पडला की काय करायचं ते आपल्याला माहीत नसतं.

हा प्रश्न फक्त मोठ्या स्टेडियमचा नाही. भाताची कापणी झाली की आमच्या पालघर, बोईसर, चिंचणी-तारापूर भागात शेतं रोलरने सपाट होतात आणि टेनिस बॉलच्या स्पर्धा सुरू होतात. गावोगावी चषक आणि प्रीमियर लीग. पाच-सहा षटकांचे सामने, डीजे, यूट्यूबवर लाइव्ह, बक्षिसात कप आणि रोख रक्कम, कधी मालिकावीराला मोटारसायकल. खेळणारे कोण? तारापूर एमआयडीसीत रात्रपाळी करून सकाळी तसेच मैदानावर आलेले कामगार, रिक्षावाले, पस्तिशी-चाळिशीतले दुकानदार, ज्यांनी वर्षभर रक्तदाब मोजलेला नाही. उन्हात दिवसाला तीन-तीन सामने.

नोव्हेंबर २०२४ मध्ये छत्रपती संभाजीनगरच्या गरवारे स्टेडियमवर एक फलंदाज छातीत आणि हातात दुखतंय असं पंचांना सांगून बाहेर निघाला आणि सीमारेषेपर्यंत पोहोचायच्या आधीच कोसळला. पुढच्याच महिन्यात जालन्यात एका स्पर्धेत आणखी एक खेळाडू खेळपट्टीवर गेला. तो तर आमच्याच पालघर जिल्ह्यातून खेळायला गेलेला. दोन्ही वेळा कॅमेरा चालू होता. त्या माणसांचा शेवटचा मिनिट आजही लोकांच्या मोबाईलमध्ये आहे, वर कोणीतरी घातलेल्या दुःखी संगीतासह.

माझ्या वर्गातल्या नववीच्या मुलांनी असाच एक व्हिडिओ पाहिला होता. मी त्यांना विचारलं, "तो पडल्यावर पहिल्या अर्ध्या मिनिटात बाकीच्यांनी काय केलं?" मुलं गप्प झाली. त्यांनी तो व्हिडिओ पाच-पाच वेळा पाहिला होता, पण पडणाऱ्या माणसाशिवाय कोणाकडे लक्षच दिलं नव्हतं. मग एक जण म्हणाला, "सर, सगळे उभे होते."

सगळे उभे होते. का उभे होते? कारण पहिली शंका येते ती नाटकाची. 'वेळ काढतोय', 'क्रॅम्प आला असेल', 'उन्हाने चक्कर आली'. मग कोणीतरी म्हणतो फिट आली, आणि नाकाला चप्पल, हातात चाव्यांचा जुडगा, तोंडावर पाणी असे आपले पिढीजात इलाज सुरू होतात. हृदय अचानक बंद पडतं तेव्हा शरीराला झटके येऊ शकतात, आणि माणूस घशातून घोरल्यासारखा आवाजही काढतो. बघणाऱ्याला वाटतं श्वास चालू आहे. तो श्वास नसतो. त्या वेळी मेंदूला रक्त जात नसतं, आणि छाती दाबायला सुरुवात झाली नाही तर दर मिनिटाला वाचण्याची शक्यता साधारण सात ते दहा टक्क्यांनी घटत जाते. चप्पल हुंगवण्यात तीन मिनिटं गेली, तर किती गेलं याचा हिशेब प्रत्येकाने करावा.

आता जुनी गोष्ट सांगतो. १७ मार्च १९६२. भारताचा संघ वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर होता. बार्बाडोसविरुद्धच्या सामन्यात चार्ली ग्रिफिथचा चेंडू कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्याला लागला. तेव्हा हेल्मेट नव्हतं. कवटीला तडा गेला, तातडीने ऑपरेशन करावं लागलं आणि रक्ताची गरज पडली. रक्त देणाऱ्यांमध्ये आपले चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी, पॉली उम्रीगर होते, क्रीडा पत्रकार के. एन. प्रभू होते आणि प्रतिस्पर्धी देशाचे कर्णधार फ्रँक वॉरेल होते. एक ख्रिस्ती कृष्णवर्णीय कर्णधार एका पारशी कर्णधाराला रक्त देत होता. त्या दौऱ्यात पुढे संघाची धुरा २१ वर्षांच्या मन्सूर अली खान पतौडी यांच्याकडे गेली. त्यांच्या एका डोळ्याची दृष्टी आदल्याच वर्षी मोटार अपघातात गेली होती. कॉन्ट्रॅक्टर पुन्हा कसोटी खेळले नाहीत, पण जगले. डोक्यात बसवलेली धातूची पट्टी साठ वर्षांनी, २०२२ मध्ये काढण्यात आली.

बंगालच्या क्रिकेट संघटनेने वॉरेल यांची ती कृती विसरू दिली नाही. १९८१ पासून तिथे ३ फेब्रुवारीला फ्रँक वॉरेल दिन पाळतात आणि त्या दिवशी रक्तदान होतं. चाहत्यांचं प्रेम हे असंही असू शकतं. पोस्टरवर दूध ओतण्यापेक्षा बाटलीभर रक्त कधीही चांगलं.

बरोबर पन्नास वर्षांनी, १७ मार्च २०१२ रोजी, लंडनमध्ये टॉटनहॅम आणि बोल्टन यांच्या फुटबॉल सामन्यात बोल्टनचा २३ वर्षांचा फॅब्रिस मुआम्बा कोणाचाही धक्का न लागता पडला. त्याचं हृदय ७८ मिनिटं बंद होतं. त्या संध्याकाळी प्रेक्षकांचे तीन चेहरे दिसले. पहिला, दोन्ही संघांच्या पाठीराख्यांचा. ते एकत्र त्याच्या नावाचा गजर करत होते. दुसरा, अँड्र्यू डीनर नावाच्या हृदयरोगतज्ज्ञाचा. ते टॉटनहॅमचे चाहते, सामना बघायला आलेले. खुर्चीवरून उठले, रखवालदारांना पटवून मैदानात गेले आणि उपचारात सामील झाले. तिसरा चेहरा एका विद्यार्थ्याचा. तो घरी बसून मुआम्बाच्या कातडीच्या रंगावरून ट्विटरवर घाण लिहीत होता. त्याला पुढे ५६ दिवसांची कैद झाली. मुआम्बा वाचला.

हे तिन्ही चेहरे आपल्याकडेही आहेत. कोसळलेल्या माणसाचं नाव वाचून हळहळायचं की हसायचं हे ठरवणारे लोक मी पाहतो. आणि खरं बोलायचं तर ते फक्त 'त्यांच्यात' नाहीत. 'नमाज सोडून खेळत बसला, मग असंच होणार' असं लिहिणारे आपल्यातही आहेत. मेलेल्या माणसाचा हिशेब घ्यायला अल्लाह समर्थ आहे. आपल्याला तिथे मुनीम म्हणून नेमलेलं नाही.

उर्दूत एक सुंदर शब्द आहे, परदापोशी. दुसऱ्याची उघडी पडलेली बाजू झाकणं. त्याचा सगळ्यात चांगला अर्थ मला कोपनहेगनमध्ये दिसला. १२ जून २०२१ रोजी डेन्मार्क-फिनलंड सामन्यात ख्रिश्चन एरिक्सन कोसळला. कर्णधार सिमोन कियेर आणि सहकाऱ्यांनी त्याच्याभोवती कडं केलं, कॅमेऱ्याकडे पाठी करून. काही जण रडत होते, पण कडं तुटलं नाही. त्याला बाहेर नेताना आडोसा धरला तो फिनलंडच्या झेंड्यांचा. म्हणजे प्रतिस्पर्ध्यांचा. मग फिनलंडचे प्रेक्षक 'ख्रिश्चन' म्हणून ओरडायचे आणि डेन्मार्कचे 'एरिक्सन' म्हणून उत्तर द्यायचे. दृश्यं दाखवत राहिल्याबद्दल बीबीसीला माफी मागावी लागली. विजेच्या झटक्याच्या यंत्राने एरिक्सनचं हृदय पुन्हा चालू झालं आणि तीन वर्षांनी २०२४ च्या युरो स्पर्धेत त्याने गोलही केला.

आपल्या गावच्या मैदानावर यंत्र नसेल, पण पाठ फिरवून कडं करायला काय लागतं? अकरा माणसं तर तिथेच असतात.

प्रेक्षकांची आणखी एक घाई असते, गुन्हेगार शोधण्याची. ५ डिसेंबर २००४ रोजी बंगळुरूला फेडरेशन चषकाच्या अंतिम सामन्यात गोव्याच्या धेंपो क्लबचा ब्राझीलियन खेळाडू क्रिस्तियानो ज्युनियर दुसरा गोल करताना मोहन बागानचा गोलरक्षक सुब्रत पॉलवर आदळला आणि गेला. धेंपोने सामना जिंकला आणि आपला माणूस गमावला. सुब्रत तेव्हा अठराच्या आसपासचा पोरगा. त्याच्यावर बंदी आली आणि लोकांचा संताप कित्येक वर्षं त्याच्या मागे राहिला. याउलट नोव्हेंबर २०१४ मध्ये सिडनीत फिलिप ह्यूज चेंडू लागून गेला, तेव्हा ऑस्ट्रेलियातल्या लोकांनी दाराबाहेर बॅटी ठेवल्या आणि तो चेंडू टाकणारा शॉन अॅबट परत मैदानात आला तेव्हा टाळ्या वाजवून त्याला धीर दिला. एका जिवाबरोबर दुसरं आयुष्य बुडू नये, एवढं तर प्रेक्षकांच्या हातात असतं.

आणि मग अफवा. करोनानंतर कोणीही पडला की खाली एकच वाक्य, 'लसीने मारलं'. एरिक्सनबद्दल हेच पसरवलं गेलं, प्रत्यक्षात त्याने लस घेतलेलीच नव्हती असं त्याच्या क्लबने सांगितलं. आयसीएमआरच्या २०२३ च्या अभ्यासातही तरुणांच्या अचानक मृत्यूंचा धोका लसीमुळे वाढल्याचं आढळलं नाही. धोका वाढवणाऱ्या गोष्टी वेगळ्या निघाल्या. घरात आधी कोणाचा असा मृत्यू, करोनात इस्पितळात राहिलेलं असणं, अलीकडचं अतिमद्यपान आणि अलीकडेच केलेली अंगाबाहेरची मेहनत. आता रात्रपाळी, उपाशी पोट, तीन सामने आणि संध्याकाळची 'पार्टी' आठवा. अफवेचा तोटा हाच, की खरं कारण डोळ्यांसमोर असून दिसत नाही.

मार्च २०२५ मध्ये रमजानच्या दिवसांत बांगलादेशचा तमीम इक्बाल ढाक्याजवळ सावरला सामन्याच्या दिवशी हृदयविकाराच्या झटक्याने कोसळला. लाखो लोकांनी दुआ केली. पण त्याच वेळी ट्रेनरने त्याची छाती दाबणं सोडलं नव्हतं, आणि जवळच्या इस्पितळात डॉक्टरांनी लगेच स्टेंट घातला. दुआ आणि हात दोन्ही चालू होते. आपल्या धर्मात उंट आधी बांधायचा आणि मग भरवसा ठेवायचा असतो. मैदानावर उंट बांधणं म्हणजे छाती दाबता येणं.

ते अवघड नाही. हाक मारा, खांदा हलवा. प्रतिसाद नाही आणि श्वास नीट नाही, तर एकाने १०८ ला फोन करायचा. दुसऱ्याने छातीच्या मधोमध दोन्ही तळहात एकावर एक ठेवून जोरात दाबायचं, साधारण पाच सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा, दमलात की माणूस बदलून. तोंडात पाणी घालायचं नाही. गर्दी मागे, मोबाईल खिशात, आणि एकाने रस्त्यावर उभं राहून गाडीला वाट दाखवायची. आमच्या भागात मोठं इस्पितळ गाठायचं म्हणजे वापी तरी नाहीतर मुंबईकडचा हायवे तरी. म्हणून इथे पहिली दहा मिनिटं डॉक्टरची नसतात, प्रेक्षकांची असतात.

तारापूर एमआयडीसीतल्या अनेक कामगारांना कारखान्यात प्रथमोपचार शिकवलेले असतात. तेच रविवारी मैदानात असतात. आयोजकांनी नारळ फोडायच्या आधी फक्त विचारावं, 'हे कोणाला येतं? हात वर करा.' त्यांची नावं माइकवरून सांगावीत. प्रवेश फीमधून एक गाडी दिवसभर उभी ठेवावी. चषक वीतभर लहान झाला तरी चालेल. छातीत दुखतंय म्हणणाऱ्याला 'एक ओव्हर काढ रे' म्हणणाऱ्या कर्णधाराला प्रेक्षकांनीच गप्प करावं. आणि यूट्यूबवाल्याला आधीच सांगून ठेवावं की कोणी पडला तर कॅमेरा आभाळाकडे फिरव.

यंदाचा हंगाम सुरू होतोय. ज्यांच्या गावात स्पर्धा आहे त्यांनी हे आयोजकांच्या ग्रुपवर टाकायला माझी हरकत नाही. नाव माझं घातलं नाही तरी चालेल, १०८ तेवढं मोठ्या अक्षरात घाला.